बोंबलासाठी तरी वेसाव्याला जाच

नाशकात मासळी मिळत असताना केवळ खाण्यासाठी मुंबईतल्या वर्सोव्याच्या (म्हणजे वेसाव्याच्या) कोळी सी-फूड फेस्टिव्हलला जावं का, असं कुणीतरी विचारलंय. जरूर जा, आणि बोंबलासाठी जा. सुरमई, पापलेट बर्फात टिकतात, आपल्याकडेही बरे मिळतात. बोंबलात मात्र पाणीच इतकं की कसारा घाट चढेपर्यंत तो लिबलिबीत होतो. तिथे कोळणी तो पोटातून चिरतात, काटा काढतात, वजनाखाली दाबून पाणी निथळू देतात आणि मगच मसाला लावून तव्यावर टाकतात. बाहेरून कुरकुरीत, आत लोण्यासारखा! सोबत तांदळाची भाकरी. चिंबोरीच्या रश्श्यासाठी पोटात जागा ठेवा.

आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने कल्याण, तिथून फास्ट लोकलने घाटकोपर, मग मेट्रोने वर्सोवा गाठलं. खरी गर्दी संध्याकाळीच होते, तरी उजेड असताना पोहोचा. कोळीवाड्यात सुकत घातलेले बोंबील बघा : दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टांगतात. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

आणि हो, भावात घासाघीस करू नका, ही कळकळीची विनंती. पहाटे बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकाच रात्री चुलीपुढे उभ्या असतात.

फेस्टिव्हल सहसा जानेवारीत असतो. एरवी जाणार असाल तर 1 जून ते 31 जुलै टाळा, तेव्हा यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. मुक्कामाची सोय आधीच करा, रात्री परतायची घाई नको.