घर फिरतंय! चक्कर, भोवळ, तोल जाणे : तुमचे अनुभव लिहा

सावनी_ठाणे
काल फराळाचे मोठे डबे काढायला स्टुलावर चढले, माळ्याकडे मान वर केली आणि क्षणभर भिंत सरकल्यासारखी वाटली. पुढे काही झालं नाही. पण कपाटाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले आणि २०१५चा जून जसाच्या तसा आठवला.

तेव्हा पहाटे कूस बदलली की पंखा, खिडकी, ट्यूबलाइट, सगळं गरगर फिरायचं. वीस-पंचवीस सेकंद. मग थांबायचं, पण मळमळ दुपारपर्यंत राहायची. सासूबाई म्हणाल्या पित्त. फॅमिली डॉक्टर म्हणाले मणका, म्हणून गळ्यात पट्टा आला. आठ महिने तो लावून ऑफिसला गेले. रात्री उशा रचून डाव्या कुशीवरच झोपायचे, उजवीकडे वळायची हिंमत नव्हती.

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चक्कर म्हणजे नक्की काय होतं? डोळ्यांपुढे अंधारी येते, चालताना तोल जातो, की घर फिरतं?" आठ महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, घर फिरतं, कूस बदलली की. त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. असं काही फिरलं की मी त्यांचं मनगटच धरलं. त्या माझ्या डोळ्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, बुबुळं नाचतायत, उजवा कान आहे. मग डोकं डावीकडे, मग अख्खं अंग डाव्या कुशीवर आणि नाक जमिनीकडे, मग उठून बसवलं. प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, ते जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत घरंगळले की असं होतं म्हणे. ते कण परत जागेवर लोटायचे. आजाराचं नाव बीपीपीव्ही.

त्या रात्री मी उजव्या कुशीवर झोपले. रडूच आलं मला.

ज्यांना झालंय, घरात कुणाला आहे, त्यांनी लिहा.

मुग्धा७९
सेम!!! माझं कपडे वाळत घालताना व्हायचं. काठीने वरच्या दांडीवर साडी टाकायला मान वर, की गेलंच. दोनदा बादलीवर पडले.

निनाद_प
मला वेगळं झालं होतं. सर्दी-ताप होऊन आठवडा झाला होता, सकाळी उठलो तर उभाच राहता येईना. दोन दिवस फरशीवर पडून होतो, कारण पलंग हलतोय असं वाटायचं आणि फरशी त्यातल्या त्यात स्थिर. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. ऐकू व्यवस्थित येत होतं. डॉक्टर म्हणाले तोलाच्या नसेला सूज आहे, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. उलटी-चकरेची गोळी तीनच दिवस दिली. मी अजून मागितली तर नाही म्हणाले. एका कानाचा निरोप बंद झालाय, मेंदूला नव्याने शिकू दे, गोळीने त्याला झोपवू नका.

मग व्यायाम. अंगठा डोळ्यांसमोर धरायचा, नजर नखावर आणि मान डावी-उजवी, डावी-उजवी. पहिल्या दिवशी दहा वेळा केलं आणि घामाघूम. तीन महिने स्कूटर बंद. बायको रोज संध्याकाळी मैदानावर हात धरून फिरवायची. तिचे उपकार आहेत.

काकू_नंबर_वन
बायकोचं नाव काढलंस, बरं वाटलं रे. माझे अहो दुखण्यात नुसते "बरं वाटतंय का" विचारून पेपर वाचायचे. पण रात्री भांडी घासून ठेवायचे हो, खोटं कशाला बोलू.

आंबट_गोड
आकाशपाळण्यात बसायची भीती वाटते, गच्चीवरून खाली बघवत नाही. हे त्यातच येतं का?

फिजिओ_मृण्मयी
@आंबट_गोड नाही, ती उंचीची भीती. लोक त्यालाही व्हर्टिगो म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

@मुग्धा७९ मान वर केली की, कूस बदलली की, वाकलं की आणि एक मिनिटाच्या आत थांबतं, हे बीपीपीव्हीचं अगदी ठरलेलं लक्षण. सावनीताईंना जे केलं ते एपली. अमेरिकेत पोर्टलंडला डॉ. एपली होते, त्यांना इतर डॉक्टरांनी आधी वेड्यात काढलं होतं. पेपर छापून यायला १९९२ उजाडलं. व्हिडिओ बघून घरी करणाऱ्यांना एकच सांगते, आधी कुठला कान ते तपासून घ्या. चुकीच्या बाजूने केलं तर उपयोग नाही.

आता माझ्या आजोबांचं सांगते. गावाकडे त्यांच्या उशाशी रात्रभर कंदील जळायचा, वीज आल्यावरही. अंधारात ते दोन पावलं चालू शकत नसत. अंघोळीला तोंडाला साबण लावला, डोळे मिटले की कोलमडायचे, म्हणून आजीने न्हाणीघरात भिंतीला लाकडी दांडा ठोकून घेतला होता. बाजारात चालता चालता दुकानाच्या पाट्या वाचता येत नसत. थांबायचे, वाचायचे, मग पुढे. आम्ही नातवंडं समजायचो आजोबांना अंधाराची भीती वाटते. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं कित्येक महिने घेतली होती. कॉलेजात तिसऱ्या वर्षी शिकले की त्या औषधाने दोन्ही कानांची तोल सांभाळायची शक्ती जाऊ शकते, मग माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा राहतो. वर्गात बसल्या बसल्या तो कंदील डोळ्यांसमोर आला. तोवर आजोबा गेले होते. त्यांना कुणी सांगितलंच नाही की तुम्ही भित्रे नाही.

सावनी_ठाणे
मृण्मयी, काटा आला अंगावर.

निनाद_प
_/\_ आजोबांना.

कृष्णाकाठ
आईला मेनिएर. आधी डावा कान गच्च भरल्यासारखा होतो, कुकरच्या शिटीसारखा आवाज सुरू होतो, मग तीन-चार तास घर फिरतं आणि उलट्या. प्रत्येक झटक्यानंतर ऐकू थोडं कमी. आता फोन उजव्याच कानाला लावते. कानातलं पाणी वाढतं म्हणून मीठ कमी करायला सांगितलंय. सांगलीची बाई, लोणच्याशिवाय जेवण माहीत नाही. परवा आम्हाला वाढताना बरणीतली फोड चमच्यावर घेतली, वास घेतला आणि परत बरणीत ठेवली. मी बघितलं ते तिला कळलं नाही.

पॅरिसच्या ज्या डॉक्टरांच्या नावाचा हा आजार, त्या मेनिए यांनी १८६१ मध्येच सांगितलं होतं की ही चक्कर कानातून येते. आणि आमच्याकडे अजून शेजारची बाई मीठ-मोहरी उतरवून टाक म्हणते.

मुग्धा७९
@कृष्णाकाठ लिंबू चिरून आलं-हिरवी मिरची, साखर घालून उन्हात मुरवा, मीठ नावाला. आठवडाभर फ्रिजमध्ये राहतं. आईंना द्या, पण डॉक्टरांना विचारून.

कृष्णाकाठ
करतो, थँक्यू ताई.

राजगड_वारी
सगळेच कान म्हणतायत म्हणून लिहितो. मामांना अचानक चक्कर आली, आम्हीही व्हर्टिगोच समजलो, गोळी देऊन झोपवलं. जीभ जड झाली होती, एकाचे दोन दिसत होते, धरूनही उभं राहता येत नव्हतं. लहान मेंदूचा झटका निघाला. चार तास आमच्या हाताने गेले. मामा आहेत, पण वॉकरवर. चक्करेबरोबर यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

फिजिओ_मृण्मयी
हे सगळ्यांनी वाचा. दादा, स्वतःला दोष देऊ नका.

काकू_नंबर_वन
मामांना नमस्कार सांगा. वॉकरला खाली रबर नीट आहेत ना बघा, आमच्याकडे झिजून घसरले होते.

शलाका_एस
आत्ता आईला फोन करून विचारलं, अंधारी येते की घर फिरतं? विचार करून म्हणाली, "अंगणातून झटकन उठले की अंधारी." मी वर्षभर तिला चकरेची गोळी आणून देतेय. उद्या बीपी तपासायला नेते.

मुग्धा७९
सावनी, ते माळ्यावरचे डबे खाली आण बघू आधी. स्टूल नकोच.

सावनी_ठाणे
आणले. चकलीचा डबा आता ओट्याखाली. आणि तू काठी सोड, छताला पुलीवाली दांडी बसव. दोरी ओढली की खाली येते, मान वर करायला नको.

मुग्धा७९
आमच्याकडे स्लॅबला ओल आहे, ड्रिल करायला हे नको म्हणतात.

काकू_नंबर_वन
मग भिंतीला उघडमीट स्टँड लाव. आमच्याकडे चार वर्षं आहे, चादरीसुद्धा वाळतात.