मदत हवी आहे: व्ही-२२ ऑस्प्री आणि उतरण्याच्या वेगाची मर्यादा

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी व्ही-२२ ऑस्प्रीवर लेख लिहितोय. बराचसा झालाय, पण एका मुद्द्यापाशी अडलोय आणि तो हेलिकॉप्टर चालवलेल्या माणसाशिवाय सुटणार नाही. नाशिकच्या आर्मी एव्हिएशनमधून, हवाई दलातून किंवा नौदलातून निवृत्त झालेलं कोणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी: पंखांच्या दोन टोकांना दोन इंजिनं, प्रत्येकावर साडेअकरा मीटरच्या आसपास व्यासाचा रोटर. इंजिनं उभी केली की हेलिकॉप्टर, आडवी केली की विमान. १९८० मध्ये इराणमधले ओलीस सोडवायची अमेरिकेची मोहीम वाळवंटातच फसली, तेव्हापासून अशा यंत्राची मागणी जोर धरू लागली. पहिलं उड्डाण १९८९ चं, युद्धभूमीवर जायला मात्र २००७ उजाडलं. मधल्या काळातल्या तीन अपघातांत ३० माणसं गेली. संरक्षणमंत्री असताना डिक चेनी प्रकल्प बंदच करायला निघाले होते, पण अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) पैसे देत राहून तो जगवला.

आता अडलेला मुद्दा. ८ एप्रिल २०००, अ‍ॅरिझोनातलं माराना, रात्रीचा सराव. विमान मिनिटाला २,००० फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं आणि पुढचा वेग ४० नॉटच्या (ताशी सुमारे ७४ किलोमीटरच्या) खाली गेला होता. एक रोटर त्यानेच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडला. त्याची उचल गेली, दुसऱ्याची टिकून राहिली. विमान उजवीकडे कलंडलं, उलटं झालं आणि आदळलं. आतले १९ च्या १९ मरीन (अमेरिकेच्या मरीन कोअरचे सैनिक) ठार. दोन्ही रोटर पंखातून जाणाऱ्या एका शाफ्टने जोडलेले असतात, म्हणजे एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं दोन्ही फिरवतं. पण इथे इंजिनं ठणठणीत होती, हवाच दगा देत होती. म्हणून शाफ्टचा उपयोग झाला नाही, असं मी लिहिलंय. बरोबर आहे ना?

त्याच वर्षी डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनात आणखी चार जण गेले. तारांच्या जुडग्याने घासून घासून हायड्रॉलिकची नळी फुटली होती. वैमानिकाने शिकवल्याप्रमाणे रिसेटचं बटण दाबलं, आणि सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे दर दाबण्यागणिक विमान जास्तच हेलकावे खात गेलं. हे वाचताना आजही संताप येतो. पण ते निस्तरता येण्याजोगं होतं: नळ्यांची मांडणी बदलली, सॉफ्टवेअर सुधारलं.

मारानाचं तसं नाही. तिथे बदलायला सुटा भागच नव्हता. चाचण्यांत दिसलं की इंजिनं जरा पुढे झुकवली की रोटर त्या भोवऱ्यातून बाहेर येतो. मग धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवली आणि नियम केला: ४० नॉटच्या खाली असताना मिनिटाला ८०० फुटांपेक्षा जास्त वेगाने उतरायचं नाही.

ऑक्टोबर २००७ मध्ये मरीनची व्हीएमएम-२६३ स्क्वॉड्रन इराकमधल्या अल असदला गेली. तिथे एकही ऑस्प्री गमावलं नाही, म्हणून समर्थक म्हणतात, विमान सिद्ध झालं. मला हे पटत नाही. अल असद ज्या प्रांतात आहे तो अनबार तोवर बराच शांत झाला होता आणि काम मुख्यतः माणसं-सामान नेण्याचं होतं. गोळीबार चालू असताना उतरायचं झालं तर हा ८०० चा नियम वैमानिकाला किती जाचेल?

(जपानमधल्या याकुशिमाजवळच्या २०२३ च्या ऑस्प्री अपघाताचं कारण गिअरबॉक्स. त्यावर लेखात वेगळा भाग आहे, कृपया इथे तो विषय नको.)

प्रतिसाद १

हेलिकॉप्टरवर आयुष्य गेलं, ऑस्प्री मात्र चालवलेलं नाही. तुमचं शाफ्टबद्दलचं बरोबर आहे. पण ८०० हा आकडा कडक समजू नका. आम्हाला कमी वेगात मिनिटाला ३०० फुटांपासूनच सांभाळायला शिकवतात. ऑस्प्रीचे रोटर वजनाच्या मानाने लहान, ते हवा जोरात खाली ढकलतात, म्हणून भोवरा उशिरा धरतो. फरक पुढे आहे. आमचं यंत्र भोवऱ्यात सापडलं तर सरळ खाली बसतं, त्यांचं एका अंगावर कलंडतं. आणि गोळीबारात सरळ खाली कोणी उतरत नाही. जमिनीलगत वेगात यायचं आणि शेवटी वेग मारायचा, म्हणजे झटकन कमी करायचा. खरी परीक्षा त्या वेग मारण्याची. तिथे घाई झाली, उंची जास्त राहिली, की माणूस माराना करतो.

धागाकर्ता

सर, मनापासून आभार. आकड्यापेक्षा वेग मारण्यावर भर देऊन तो परिच्छेद नव्याने लिहितो. एकच विचारतो: रात्री, अंधारात दिसायच्या चष्म्यातून बघताना, आपण वाजवीपेक्षा वेगाने खाली येतोय हे आधी शरीराला कळतं की काट्यालाच?