मदत हवी आहे : फौंड्रीचं सॉफ्टवेअर संपतच नाही, मालक रोज नवीन काहीतरी सांगतात

तिसरं_गेट

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

मी आणि माझा मित्र, दोघं बेळगावच्या टिळकवाडीत सॉफ्टवेअरची छोटी कामं करतो. दुकानांचं बिलिंग, सोसायटीची खाती, असलं. फेब्रुवारीत उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं, काम आलं. नाव सांगत नाही. मालक वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना लहानपणापासून काका म्हणतो. गोची तिथंच आहे.

काम साधं होतं. दिवसात किती हीट झाल्या (भट्टीत धातू किती वेळा वितळवला), कुठल्या पॅटर्नची (साचा पाडायच्या नमुन्याची) किती कास्टिंग, म्हणजे ओतलेले भाग, निघाली, त्यातली रिजेक्ट किती आणि कशामुळे, हे सुपरवायझर वहीत लिहितो ते मोबाईलवर लिहायचं. महिनाअखेर काकांना पार्टीवार रिजेक्शन दिसायला हवं. १ लाख ८० हजार ठोक, तीन महिने. ५० हजार इसार मिळाला. चहा पिता पिता ठरलं, कागद केला नाही. वडील शेजारीच बसले होते, त्यांच्यासमोर कागद कुठला काढू?

आमच्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथांआधी देतो म्हणालो होतो. आता गल्लीतली पोरं गणपतीची वर्गणी मागायला यायला लागलीत.

आधी रिजेक्शनची कारणं सहा होती, ती चौदा झाली. ठीक आहे. मग काकांचा मुलगा पुण्याहून परत आला. त्याला प्रत्येक कास्टिंगवर क्यूआर कोड पाहिजे. शॉट ब्लास्टिंगमधून (छर्ऱ्यांच्या माऱ्यानं कास्टिंग साफ करतात त्यातून) निघाल्यावर तो स्टिकर राहील काय, असं विचारलं तर "ते तुम्ही बघा". काका म्हणाले, "पोरगं म्हणतंय तर करून टाक." दोन आठवडे घालवून केलं. त्यानंतर काकाच म्हणाले, "हे क्यूआर-बियार कशाला घातलंस? काढ ते." काढायलाही दोन दिवस गेले. मग अकाउंटंट म्हणाले, टॅलीला (हिशेबाच्या सॉफ्टवेअरला) जोडून द्या. मग सुपरवायझर म्हणाले, सगळं कन्नडमध्ये पाहिजे.

ही शेवटची मागणी मला पटली. रोज नोंद करणारा माणूस तो, त्याला वाचता आलं पाहिजे. पण पॅटर्नची आणि कामगारांची नावं असलेल्या जुन्या एक्सेल फायली नुडी या कन्नडच्या जुन्या फाँटमधल्या, कुठंही वाचता येणाऱ्या युनिकोडमधल्या नव्हेत. आमच्याकडे उघडल्या की नुसता अक्षरांचा काला. त्यात काही मराठी नावं कुणीतरी श्रीलिपीत टाइप केलेली, तोही तसलाच जुना फाँट. ते सरळ करण्यात आठवडा गेला. त्याला कुणी काम धरतच नाही. "भाषाच तर बदलायची होती!" म्हणतात.

दर वेळी काकांचं वाक्य एकच, "हे तर त्यात येतंच की." आणि सुपरवायझरचं, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माड्री." म्हणजे जरा सांभाळून घ्या. मागच्या महिन्यात पैशाची आठवण केली तर घरी कुंद्याचा डबा आला. कुंदा चांगला होता, ते सोडा.

मित्र म्हणतोय, इसार मिळाला तेवढ्यावर हात झटकू. मला तसं करायचं नाही, रोज त्याच रस्त्यानं जायचं आहे. संबंध न तोडता नाही कसं म्हणायचं? आणि जे जास्तीचं काम होऊन गेलं त्याचे पैसे आता मागता येतील का?

जांबोटी_लाईन

कागद नाही, मग विषय संपला. पुढच्या वेळी शहाणा हो.

शहापूरची

इतकं तोडून नका बोलू हो, कागद नसताना घेतलेली कामं आपण सगळ्यांनीच केली आहेत.

मी इंटिरियरची कामं करते. वाचून मला आधी हे दिसलं की तुम्हाला मालक एक नाही, चार आहेत. काका, मुलगा, अकाउंटंट, सुपरवायझर. आमच्याकडे नवरा एक लॅमिनेट सांगतो, बायको दुसरं, सासूबाई येऊन तिसरं. मी आता पहिल्याच दिवशी विचारते, शेवटचा शब्द कुणाचा? त्यांचं नाव आणि नंबर वर लिहिते. बाकीच्यांचं ऐकून घेते, चहा घेते, पण सुताराला निरोप त्या एकाच नंबरवरून आल्याशिवाय देत नाही.

दुसरं, व्हॉइस नोटवर काम करू नका. फोन झाला की त्याच रात्री चार ओळी लिहून पाठवा. आज असं ठरलं, यानं इतके दिवस आणि इतके पैसे वाढतील, चालेल का? "हो" आलं की मगच हात लावा. गप्प बसणं म्हणजे होकार धरू नका. हे मी २२ हजारांच्या प्लायवूडवर शिकले.

उद्यमबाग_१८

मर्दा, तू चुकीच्या माणसाला घाबरूलैस. मी अठरा वर्षं मशिन शॉप चालवतोय, फौंड्रीवाल्यांकडूनच कास्टिंग घेतो. बदल म्हणजे काय हे तुझ्या काकांएवढं बेळगावात कुणाला कळत नसेल.

त्यांच्याकडे काम कसं येतं बघ. पार्टीचं ड्रॉइंग येतं. खाली उजव्या कोपऱ्यात चौकोन असतो, त्यात रिव्हिजन लिहिलेलं असतं. रेव्ह झिरोवर, म्हणजे पहिल्या ड्रॉइंगवर, पॅटर्न झाला, सॅम्पल गेलं, पास झालं. चार महिन्यांनी पार्टी म्हणते बॉस (कास्टिंगवरचा गोल उंचवटा) दोन मिलिमीटर सरकवा. ड्रॉइंग येतं रेव्ह ए. तेव्हा काका "येतंच की त्यात" म्हणतात का? पॅटर्न शॉपला फोन लावतात. नुसता पॅटर्न बदलायचा की कोअर बॉक्सही (आतल्या पोकळीचा साचा)? किती दिवस लागतील? मग पॅटर्न मॉडिफिकेशनचं वेगळं कोटेशन जातं, आणि पार्टीची सुधारित पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आल्याशिवाय मोल्डिंगला कुणी हात लावत नाही. जुन्या रिव्हिजनचा माल ओतून पडला असेल तर तो कुणाच्या अंगावर, हेही आधीच बोलून घेतात.

हे सगळं काका रोज करूलेत. तुझ्या बाबतीत करत नाहीत, कारण तुझा पॅटर्न त्यांना दिसत नाही. लाकडाचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचा नाही, रॅकवर ठेवता येत नाही. त्यांना वाटतं स्क्रीनवर टायपायचं आणि झालं. क्यूआर घालून काढला म्हणजे पॅटर्न एकदा कापून पुन्हा भरला, हे त्यांना त्यांच्याच भाषेत दिसू दे.

दोन पानांचं ड्रॉइंग कर. पहिल्या पानावर रेव्ह झिरो, फेब्रुवारीत जे ठरलं तेवढंच. दुसऱ्या पानावर ए, बी, सी. तारीख, कुणी सांगितलं, काय बदललं, किती दिवस गेले, रक्कम. खाली कोपऱ्यात चौकोन काढायला विसरू नको.

आता कडू बोलतो. ती चौदा कारणं. सहा तुला कुणी सांगितली? काकांनी, ऑफिसात बसून. फर्नेस चालू असताना तू खाली उभा राहिलास का एक दिवस? ब्लो होल, सँड इन्क्लुजन, कोल्ड शट, श्रिंकेज, कोअर सरकणं, सगळं आमच्याकडे फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं. तो बदल नव्हे. ते तू विचारलंच नाहीस. त्याचे पैसे मागू नको, मागितलेस तर बाकीचंही बुडेल.

तिसरं_गेट

दादा, कबूल. दोनदा गेलो, दोन्ही वेळा सकाळी तासभर. ओतकाम दुपारनंतर होतं हे मला मेमध्ये कळलं. आणि फळा होता. मोल्डिंगच्या भिंतीवर, कन्नडमध्ये. मी वाचलाच नाही, म्हणजे वाचता येतो तरी वाचला नाही.

ताळेबंद

व्यवसायानं सीए. कायद्याची बाजू सांगतो, काकांना दाखवण्यासाठी नव्हे, तुमच्या माहितीसाठी.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. तुमच्यासारखे दोघंजण सूक्ष्म उद्योगात बसतात. सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका, आणि नवीन काम घ्यायच्या आधी करा. लेखी करार असेल तर पैसे ठरल्या तारखेला मिळायला हवेत, पण ती तारीख ४५ दिवसांपलीकडची ठेवता येत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, आयकर कायद्यात आलेल्या तरतुदीमुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम), सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. त्यामुळे मार्च आला की अकाउंटंटच फोन करून बिलं मागतात.

पण तुमच्या धाग्यात खरी मेख वेगळी आहे. हे दिवस मोजायचे कधीपासून? काम स्वीकारल्याच्या दिवसापासून. तुम्ही काम दिलंत आणि समोरच्यानं १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर दिलेला दिवस हाच स्वीकारल्याचा दिवस धरतात. तुम्ही मात्र काम कधी "दिलं"च नाही. फेब्रुवारीपासून ते देणं चालूच आहे. म्हणून काम तुकड्यांत द्या. हीट आणि कास्टिंगची नोंद हा पहिला तुकडा. मिळाला म्हणून सही, तारीख, त्याचे पैसे. मग रिजेक्शनचे अहवाल. अठरापगड मागण्या आल्या तरी दिलेला तुकडा परत उघडायचा नाही, उघडायचा तर नवीन बिल.

निपाणीकर

मधेच विचारतोय, माफ करा. मी कर्नाटकातल्या निपाणीचा, आमचं गिऱ्हाईक सगळं कोल्हापूरचं. हद्द ओलांडली की दुसरं राज्य. मी वेबसाइट करून देतो. राज्याबाहेर बिल केलं म्हणून जीएसटी नंबर घ्यावाच लागतो का? इथं एकजण हो म्हणतो, एकजण नाही.

ताळेबंद

वेगळा धागा काढा. थोडक्यात, सेवा असेल आणि वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर केवळ परराज्यात बिल केलं म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही. माल विकत असाल तर नियम वेगळा. दोघेही बरोबर असतील, एक सेवेचं बोलत असेल आणि एक मालाचं.

जांबोटी_लाईन

माझं आधीचं उत्तर जरा तोडूनच होतं. पण एक सांगतो, वडिलांना या पानांबद्दल आधी सांगून ठेव. परस्पर कळलं तर घरी जास्त महागात पडेल.

तिसरं_गेट (सोळा दिवसांनी)

मंडळी, काय झालं ते लिहितो.

आधी एक अख्खी दुपार फर्नेसजवळ काढली. घामाघूम. सुपरवायझरना एका हातात हातमोजा तसाच ठेवून मोबाईल चालवावा लागतो हे तेव्हा कळलं. आमची बटणं त्यांच्या बोटापेक्षा लहान होती. ती मोठी केली, फुकट केली, कुणी मागितलीही नव्हती.

मग दोन पानं छापली. रेव्ह झिरो १ लाख ८० हजार. रेव्ह ए चौदा कारणं, रक्कम शून्य, शेजारी लिहिलं "आमच्याकडून विचारायचं राहिलं". रेव्ह बी क्यूआर घालणं आणि काढणं, २४ हजार. रेव्ह सी कन्नड आणि जुन्या फायलींचं युनिकोड, १४ हजार. रेव्ह डी टॅली, सुरू केलेलं नाही, वेगळं कोटेशन.

काकांनी चष्मा लावला आणि पहिल्यांदा खालचा उजवा कोपराच बघितला. उद्यमबाग_१८ दादा, तुमची आठवण झाली. शून्यावर बोट ठेवून थांबले, काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे बी कुणी मागितलं?" मुलगा समोरच बसला होता. नाव लिहिलेलंच होतं. त्यानं मोबाईल काढला. केबिनमध्ये पंख्याचा आवाज येत होता तेवढाच.

घासाघीस झालीच. बी निम्म्यावर आला, १२ हजार. "घालताना मी हो म्हणालो ते खरं, पण हे टिकणार नाही असं तू ठासून सांगायला हवं होतंस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, विचारलं होतं पण ठासून नाही. सी पूर्ण मिळाला. जुन्या फायलीतली एक ओळ नुडीतून उघडून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "हे म्हणजे गंजलेला पॅटर्न साफ करून घेतल्यासारखं झालं." ८० हजारांचा चेक दिला. पहिल्या तुकड्याच्या कागदावर सही केली, तारीख टाकली. इथून पुढे शेवटचा शब्द त्यांचा, मुलाचा नाही, हेही मुलासमोरच सांगितलं. ते जरा जड गेलं सगळ्यांना.

वडिलांना आधी सांगितलं होतं, तरी दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. "ओळखीच्या माणसाला बिल लावतोस." त्याचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही.

शहापूरच्या ताई, रात्रीचे चार ओळींचे मेसेज सुरू केलेत. काका उत्तर म्हणून अंगठा पाठवतात. अंगठा म्हणजे हो धरू का?

शहापूरची

नाही. "हो" टाइप करायला सांगा. मराठीत, कन्नडमध्ये, कशातही.

उद्यमबाग_१८

चांगलं केलास. आता कितव्या रिव्हिजनवर हाय?

तिसरं_गेट

डीचं कोटेशन द्यायचं आहे अजून. पण सकाळीच काकांचा फोन आला होता. डिस्पॅचचं (माल पाठवायचं) चलानही मोबाईलवर पाहिजे म्हणाले. मी काही बोलायच्या आतच पुढं म्हणाले, "ई म्हणून लिहून ठेव. पण रेट आधी सांग."