प्लास्टर निघाले तरी हाताची आग थांबत नाही: सीआरपीएस प्रकार १ की प्रकार २? सल्ला हवा

चोपड्याची_लेक: नमस्कार. केळीच्या बागेत पाटाच्या चिखलावर पाय घसरून आईचे डाव्या मनगटाजवळचे हाड मोडले. प्लास्टर काढल्यावर एक्स-रेमध्ये हाड नीट जुळलेले दिसते, परंतु हात सुजलेला आहे, कातडी चकचकीत व निळसर झाली आहे, बोटे मिटत नाहीत आणि साडीचा पदर नुसता लागला तरी आग होते. वैशाखाच्या उन्हातही तो हात दुसऱ्या हातापेक्षा गार लागतो. डॉक्टरांनी ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, म्हणजेच सीआरपीएस (दुखापत भरल्यावरही वेदना न थांबण्याचा आजार), असे निदान सांगितले आणि कागदावर ‘प्रकार १’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह घातले. प्रकारानुसार उपचार बदलतात का? आणि वेदनेसाठी मिळणारे टेन्सचे (कातडीवरून विजेचे सौम्य झटके देणारे) छोटे यंत्र घ्यावे का? सध्या ५,००० रुपये हाताशी आहेत.

शिरपूरचे_आप्पा: ताई, यंत्राच्या भानगडीत न पडता सरळ मुंबई गाठा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या पत्नीच्या पायाला हाच त्रास झाला होता. तिथल्या वेदनातज्ज्ञांनी कमरेजवळ सिंपथेटिक नसांचा ब्लॉक (त्या मज्जातंतूंना बधिर करणारे इंजेक्शन) दिला आणि त्यानंतरच तिला पाय जमिनीवर टेकवता आला. हातासाठी हेच इंजेक्शन मानेजवळ देतात. खर्च पुष्कळ झाला, पण प्रकृतीपुढे पैशाचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावल_केळीबाग: आप्पांचा अनुभव खरा असेल, तरी प्रत्येकाला मुंबई परवडत नाही. मी १२,००० रुपयांचे टेन्स यंत्र घेतले आहे आणि माझ्या खांद्याला त्याचा उत्तम गुण आला. स्वस्तातले घेऊ नका. सुजेवर रोज बर्फ लावा.

अमळनेरची_मावशी: बर्फ मुळीच लावू नका! माझ्या जावेच्या हाताला असाच त्रास होता. कुणीतरी सांगितले म्हणून आम्ही तिला एका हाडवैद्याकडे नेले, त्यांनी जोर लावून मालीश केले, बोटे ओढली आणि दुसऱ्या दिवसापासून ती हाताला वाराही लागू देईना. वर बर्फाचा शेक दिल्यावर तर ती रडायलाच लागली. त्यापेक्षा व्हिटॅमिन सीच्या गोळ्या द्या, त्या या आजारावर चालतात.

यावल_केळीबाग: मावशी, सूज बर्फानेच उतरते, हे कोणत्याही खेळाडूला विचारा.

भुसावळ_निवृत्त: मुरगळलेल्या पायाचा नियम इथे लावता येत नाही. मूळ प्रश्न प्रकारांचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेतील यादवी युद्धात गोळी लागून नस दुखावलेल्या सैनिकांच्या हातापायांची जी भयंकर आग होत असे, तिचे वर्णन सायलस वेअर मिचेल या डॉक्टरांनी केले आणि पुढे तिला ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिले. आज तिलाच प्रकार २ म्हणतात. १९०० साली जर्मनीतील पाउल झुडेक यांनी दुखापतीनंतर हाड विरळ होत जाण्याची नोंद केली, त्यामुळे जुने अस्थितज्ज्ञ अजूनही ‘झुडेक’ म्हणतात. १९९४ साली सीआरपीएस हे एकच नाव ठरले: मोठ्या नसेला इजा झाल्याचे सिद्ध झाले तर प्रकार २, नाही तर प्रकार १. बहुसंख्य रुग्ण प्रकार १ मध्येच मोडतात. याखेरीज उष्ण व थंड असेही भेद करतात. उष्ण प्रकारात अवयव लाल, गरम व सुजलेला असतो, तर थंड प्रकारात निळसर आणि गार. आपल्या मातोश्रींचे वर्णन थंड प्रकाराशी जुळते.

रावेरचा_भाऊ: प्रकार २ म्हणजे काय ते माझ्या धाकट्या भावाकडे पाहून कळते. मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मांडीमागची मोठी नस दुखावली. नसांच्या चाचणीत ते दिसले. अंथरुणावर चादर घेता येत नाही, चप्पल घालता येत नाही, आणि नातेवाईक मात्र ‘जखम तर भरली, आता कसले दुखते’ असे तोंडावर म्हणतात, याचा मला फार राग येतो. ताई, आईवर आधी विश्वास ठेवा. आणि नसांची चाचणी करून घ्या.

शिरपूरचे_आप्पा: चाचणी मुंबईतच चांगली होते. मी आधीच सांगितले आहे.

जळगाव_फिजिओ: मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर हा आजार मला वारंवार दिसतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. याची रक्ताची कोणतीही एक खात्रीची चाचणी नाही. निदान ‘बुडापेस्ट निकषां’वर होते: दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, स्पर्शाची तीव्र संवेदना, रंगात वा तापमानात फरक, सूज किंवा घामातील बदल, हालचाल, केस व नखे यांतील बदल, आणि या सगळ्याचे दुसरे योग्य कारण न सापडणे. अंगठा व शेजारची बोटे बधिर असतील किंवा एखाद्या ठरावीक नसेच्या भागात ताकद गेली असेल, तर नसांची चाचणी अवश्य करावी, कारण दाबली गेलेली नस मोकळी करता येत असेल तर उपचार बदलतो. एरवी दोन्ही प्रकारांत मुख्य उपचार एकच, तो म्हणजे हात हळूहळू वापरात आणणे.

बर्फाबाबत मावशींचे म्हणणे बरोबर आहे, तो टाळा. व्हिटॅमिन सीचा अभ्यास मात्र फ्रॅक्चरनंतर हा आजार होऊ नये म्हणून झाला, त्याचे निष्कर्षही एकसारखे नाहीत, आणि जडलेल्या वेदनेवरचा तो उपचार नव्हे. नसांच्या वेदनेवरची गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधे डॉक्टरच ठरवतील. सुरुवातीच्या काळात काही रुग्णांना थोडे दिवस स्टेरॉइडही देतात, म्हणून दिरंगाई करू नका. ब्लॉकचा गुण काहींना येतो, सर्वांना नाही. टेन्समुळे थोडा आराम मिळू शकेल, पण पहिला खर्च त्यावर नको.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. दुखऱ्या हातावरून आधी कापूस, मग सुती कापड, मग टॉवेल असा क्रमाने स्पर्श द्यावा. पुढे ज्वारीच्या परातीत हात फिरवावा. साधा आरसा मधोमध उभा धरून चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दोन्ही हात हलवणे, ही आरशाची उपचारपद्धती आहे. प्रतिबिंब पाहूनच दुखू लागले, तर आधी चित्रांतील डावा-उजवा हात ओळखण्याचा सराव करावा. हात गळ्यात बांधून ठेवणे आणि जबरदस्तीने बोटे वाकवणे, दोन्ही घातक आहेत.

यावल_केळीबाग: आरशाने आजार बरा होतो हे पटत नाही. यंत्राचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

रावेरचा_भाऊ: आमच्या भावाला आरशाचा उपयोग झाला. बरा झाला असे म्हणणार नाही, पण आता घोटा थोडा हलवतो.

चोपड्याची_लेक: सर्वांचे मनापासून आभार. आईच्या अंगठ्याला बधिरपणा आहे, हे आज विचारल्यावर कळले. मुंबईला जाणार नाही आणि यंत्रही घेणार नाही. जळगाव जवळ असले तरी मामा धुळ्यात राहतात आणि आईला मुक्कामाला आधार लागेल, म्हणून तिला धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवून नसांच्या चाचणीबद्दल विचारेन. आरसा उद्याच आणते.

शिरपूरचे_आप्पा: निर्णय आपला आहे, तरी मुंबईचा विचार सोडू नये.

जळगाव_फिजिओ: मोडल्यानंतरचा पहिला एक्स-रे आणि आताचा, दोन्ही बरोबर न्या. बधिरपणा कधीपासून आहे आणि प्लास्टर घट्ट वाटत होते का, हे आईंना विचारून लिहून ठेवा. तिथे हेच पहिल्यांदा विचारतील.