अनुभव धागा : १६२ सामने आणि आपण

२०२५ ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकेतल्या बेसबॉलची अंतिम लढत, आधी चार सामने काढेल त्याचा कप) १ नोव्हेंबरला संपली. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला हात आपोआप रिमोटकडे जातो, लावायला मात्र काही नाही. म्हटलं, धागाच काढू.

बेसबॉलचा सीझन म्हणजे मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने, जवळजवळ रोज एक. यात उत्तम टीमसुद्धा साठेक सामने हरते आणि टुकार टीमही पन्नासेक जिंकते. (शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ हरून हाही हिशेब मोडला, ते सोडा.) इतकं हरणं पचवून रोज परत बघायला बसणारे मराठी लोक बरेच आहेत, असं अधूनमधून कानावर येतं. तर आपापली टीम सांगा आणि तिच्या मागे घालवलेला एखादा सीझन सांगा. कप जिंकलेलाच हवा अशी अट नाही. नियम समजावत बसू नका, ओघात आले तर नवख्यांना बरं. ‘क्रिकेट श्रेष्ठ की बेसबॉल’ हा दंगा कृपया दुसरीकडे.

सुरुवात मीच करतो.

ओकलंडकर (धागाकर्ता)

मी अ‍ॅथलेटिक्स टीमवाला. ओकलंडचं कोलिझियम हे आमचं मैदान दिसायला कुरूप होतं यावर कुणाचं दुमत नसावं. फुटबॉलसाठी एका बाजूला उंचच उंच गॅलरी बांधली, तिने मागच्या टेकड्या झाकून टाकल्या. ड्रेनेज तुंबून आत घाण पाणी शिरल्याच्या बातम्या यायच्या. पण बार्ट ट्रेनमधून उतरायचं, पूल ओलांडायचा की पोचलात. तिकीट परवडणारं, आणि उजव्या अंगाच्या बाकांवर ड्रम बडवणारी मंडळी. पुण्यात वाढलेला माणूस असा आवाज आला की तिकडे जातोच.

२०२३ चा सीझन मी जिद्दीने पूर्ण बघितला. टीम ११२ सामने हरली. चांगले खेळाडू आधीच इतर टीम्सना देऊन टाकलेले, टीम लास व्हेगासला हलवायचं चाललेलं. लोकांनी रागाने येणं सोडलं होतं. कधी कधी पाच हजारसुद्धा टाळकी नसायची. मग १३ जूनला फॅन्सनी उलटा बहिष्कार पुकारला : एरवी न येणाऱ्यांनीही त्या मंगळवारी यायचंच. २७,७५९ लोक आले. फॅन्सनीच वाटलेले हिरवे टी-शर्ट, छातीवर एकच शब्द, ‘सेल’. मालका, टीम विक आणि सुटका कर. आणि आमची ही दरिद्री टीम त्या रात्री सलग सातवा सामना जिंकली! समोर टॅम्पा बे, तेव्हाची सगळ्यात तगडी टीम, २-१. घसा बसेपर्यंत ओरडलो. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसे मंजूर केले.

शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४, गुरुवारची दुपार, ४६,८८९ माणसं. टेक्सासला ३-२ हरवलं. संपल्यावर कुणी जागचं हलेना. मॅनेजर मार्क कॉट्सेने माईक हातात घेऊन आभार मानले आणि सगळ्यांना शेवटचं एकदा ‘लेट्स गो ओकलंड’ ओरडायला लावलं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा नातवाला आमचा जुना स्टार रिकी हेंडरसन बेस कसा चोरायचा (चेंडू टाकला जात असतानाच पुढच्या बेसवर पळायचा) ते दाखवत होते : दोन बोटं खुर्चीच्या पाठीवर आधी दबकत, मग एकदम सुसाट. रिकी त्याच दुपारी पहिला चेंडू टाकायला आला होता. डिसेंबरमध्ये तो गेला.

आता टीम वेस्ट सॅक्रामेंटोत एका लहान लीगच्या मैदानावर खेळते आणि नावापुढे गावही लावत नाही. गाडीने काही फार लांब नाही. जात नाही. स्कोअर मात्र रोज बघतो आणि फोन पालथा ठेवतो.

शिकागोची काकू

ओकलंडकर, वाचून वाईट वाटलं. आमच्या शिकागो कब्जनी छळलं, पण निदान घर सोडून गेले नाहीत.

आमचं घर कब्जच्या मैदानापासून, रिग्ली फील्डपासून, चालत जाण्याइतकं जवळ होतं. तिथे १९८८ पर्यंत दिवेच नव्हते, सगळे सामने दुपारचे. नंतरही दुपारचे बरेच असायचे आणि मी तेव्हा घरी असायचे. शेजारच्या पोलिश आजींनी मला हाताला धरून नेलं आणि स्कोअरकार्ड भरायला शिकवलं. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा : पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटवाल्यामागे बसून पकडणारा) २, फर्स्ट बेस ३, असं करत राइट फील्ड ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्टला, दोघं बाद, की लिहायचं ६-४-३. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला तर ‘के’. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून बाद झाला, तर ‘के’ उलटा काढायचा. आजी तो उलटा ‘के’ असा रेटून काढायच्या की खालच्या पानावर उमटायचा. बाद होणारा आमचा असो की त्यांचा. खांद्यावर बॅट ठेवून बाद होणं त्यांना मंजूरच नव्हतं.

कब्ज १९०८ नंतर जिंकले नव्हते. २०१६ ला १०३ सामने जिंकून दिमाखात निघाले आणि वर्ल्ड सिरीजमध्ये क्लीव्हलंडविरुद्ध १-३ असे मागे पडले. सासूबाई सांगलीहून आलेल्या. मुलाने त्यांना सांगितलं, आजी, १०८ वर्षं झाली. त्या जप करता करता थांबल्या. म्हणाल्या, ‘१०८? मग माळ पुरी झाली की. यंदा होतंय बघ.’ बेसबॉलच्या शिवणीचे दुहेरी टाकेही १०८ असतात हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. पुढचे दोन सामने कब्जनी काढले.

सातवा सामना, २ नोव्हेंबरची रात्र. आठव्या इनिंगमध्ये चार गडी बाद करायचे राहिलेले आणि क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने होम रन (चेंडू थेट कुंपणापार) मारून ६-६ अशी बरोबरी केली. आमच्याकडे कुणी कुणाशी बोलेना. मी अक्षरशः देव पाण्यात घालून बसले होते. नऊ इनिंग संपल्या आणि पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला. सासूबाई म्हणाल्या, पाऊस शुभ असतो. दहाव्या इनिंगमध्ये ८-७.

त्या दिवसांत लोक रिग्लीच्या विटांच्या भिंतींवर खडूने नावं लिहीत होते, हा दिवस न बघता गेलेल्या आईवडिलांची, आजोबांची. हात पोचेल तिथवर भिंत भरली होती. मी आमच्या आजींचं लिहिलं, शेफील्ड रस्त्याच्या बाजूला. शेजारी एक उलटा ‘के’.

जर्सीकर

वाद नको म्हणालात, पण मला बेसबॉलकडे सचिननेच नेलं त्याला काय करू? ७ नोव्हेंबर २०१५, क्वीन्समधलं सिटी फील्ड, सचिनची टीम विरुद्ध वॉर्नची टीम. बेसबॉलच्या मैदानात बाहेरून आणून बसवलेली खेळपट्टी, बाउंड्री हाताच्या अंतरावर. शेजारी मेट्सची (या मैदानावरची बेसबॉल टीम) टोपी घातलेला एक गोरा, ऑफिसातल्या कुणीतरी ओढून आणलेला. सहा दिवसांपूर्वी तो याच मैदानात मेट्स कॅन्सस सिटीकडून वर्ल्ड सिरीज हरताना बघून गेला होता. मी त्याला एलबीडब्ल्यू समजावला, त्याने मला मेट्सचं दुःख समजावलं. २००७ मध्ये १७ सामने उरले असताना सात सामन्यांची आघाडी होती, तीही घालवली म्हणे. अशा टीमवर जीव जडणं हे पूर्वकर्मच. पुढच्या एप्रिलपासून ७ नंबरची ट्रेन, वाटेत जॅक्सन हाइट्सला उतरून पोटभर जेवण, मग मैदान. जेवण कधीच वाया जात नाही.

सध्या पुणे, मन बॉस्टनला

२००४ ला मी तिथे विद्यार्थी होतो. बॉस्टनचे रेड सॉक्स वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध ०-३ मागे, तिसरा सामना तर १९-८ असा धुतलेला. चौथ्यात नवव्या इनिंगला एका धावेने मागे, समोर त्यांचा पिचर मारियानो रिव्हेरा. डेव्ह रॉबर्ट्स फक्त पळायला म्हणून आत आला. सगळ्या मैदानाला ठाऊक, रिव्हेरालाही ठाऊक की हा पळणार. आणि तो पळाला! सेकंड बेस चोरला, पुढच्या फटक्यावर बरोबरी, बाराव्या इनिंगला आमच्या ऑर्टिझचा होम रन. मध्यरात्र उलटून गेलेली. दुसऱ्या रात्री १४ इनिंग, पाच तास ४९ मिनिटं. त्या आठवड्यात अख्खं गाव झोपेविना फिरत होतं. लॅबमध्ये गाइडच डुलक्या घ्यायचे, आम्हाला कोण बोलणार? यांकीजवर सलग चार जिंकलो आणि पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद आलं, पण मला ती सिरीज फारशी आठवत नाही. हे चार दिवस आठवतात.

आता इथे घरच्या मैदानावरचे सामने पहाटे चार-साडेचारला लागतात. आईला बरीच वर्षं वाटायचं मी पहाटे उठून ध्यानाला बसतो. शेजारी कौतुकाने सांगूनही आली होती. टीम पश्चिम किनाऱ्याच्या दौऱ्यावर गेली की सामना सकाळी साडेसातनंतर, म्हणजे अर्धा ऑफिसच्या वाटेवर कानात. हे सगळ्यात वाईट. पहाटे हरलेलं चहाबरोबर गिळता येतं.

सिअ‍ॅटलवाला

आमची टीम मरिनर्स २००१ ला ११६ सामने जिंकली, विक्रमाशी बरोबरी, जपानहून नवा आलेला इचिरो, सगळं होतं. आणि मग प्लेऑफसाठी (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांसाठी) २१ वर्षं वाट बघायला लावली. वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली एकमेव टीम आमची. मैदानात तिखट-लिंबू लावलेले भाजके नाकतोडे विकतात, तेवढ्यासाठी लोक आम्हाला ओळखतात. (खाल्लेत. कुरकुरीत लागतात, जास्त विचार करू नये.)

३० सप्टेंबर २०२२ ला नवव्या इनिंगमध्ये दोन बाद असताना कॅल रॅलीने होम रन मारून तो वनवास संपवला. याच कॅलने यंदा ६० होम रन मारले, कॅचर असून! उकिडवं बसून गुडघे झिजवणारा माणूस तो. डेट्रॉइटविरुद्ध १५ इनिंगचा सामना जिंकलो तेव्हा वाटलं, आता हेच वर्ष. पुढच्या फेरीत टोरांटोविरुद्ध सातव्या सामन्यात सातव्या इनिंगपर्यंत पुढे होतो. मग त्यांच्या स्प्रिंगरचा तीन धावांचा होम रन. ४-३. हातातोंडाशी आलेला घास. इथे कुणी टोरांटोचं असेल तर आत्ताच सांगा.

टोरांटोकर

हजर आहे. माफ करा दादा, पण तुमचे शाप आम्हाला लागले असं समजा.

आमचे ब्लू जेज २०२४ ला डिव्हिजनमध्ये (पाच टीम्सच्या गटात) तळाला होते. यंदा ९४ जिंकले आणि डिव्हिजन सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी हाती आली. बारा महिन्यांत एवढा पालट बघणं हेच मोठं सुख होतं. ऑक्टोबरमध्ये तर शेजारच्या पंजाबी आजीपासून आमच्या मंडळातल्या काकांपर्यंत सगळे निळे. वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धचा तिसरा सामना १८ इनिंग चालला, आमच्याकडे पहाटेचे तीन वाजत आले, हरलो.

सातवा सामना. नवव्या इनिंगमध्ये दोन गडी बाद केले की कप, १९९३ नंतर पहिला. डॉजर्सच्या मिगेल रोहासने बरोबरीचा होम रन मारला. हा माणूस होम रनसाठी प्रसिद्ध नाही हो! त्याच इनिंगमध्ये आमचे तिन्ही बेस भरलेले, आणि धावणारा होम प्लेटवर बोटभर अंतराने बाद. अकराव्यात संपलं, ५-४. त्यांचा पिचर यामामोतोने आदल्या दिवशी सामना टाकलेला, तरी पुन्हा येऊन आम्हाला गुंडाळलं. मुलगी रडत झोपली. सकाळी उठून तिने तीच जर्सी घातली, मीही काही बोललो नाही.

ओसाकाहून

यामामोतो डॉजर्सकडे जाण्याआधी आमच्याच गावच्या ओरिक्स टीमकडून खेळायचा हो. २०२३ च्या जपान सिरीजमध्ये आमच्या हानशिन टायगर्सविरुद्ध त्याने एकट्याने पूर्ण सामना टाकून १४ स्ट्राइकआउट काढले. सिरीज मात्र आम्हीच जिंकली, ३८ वर्षांनी. कोशिएनला, म्हणजे टायगर्सच्या मैदानावर, आपली बॅटिंग असली की प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं, ट्रम्पेटसकट, सगळ्यांना पाठ. बॅटिंग पलीकडची आली की त्यांचे फॅन गाणार, आपण बसून पाणी प्यायचं. ऑगस्टमध्ये ते मैदान शाळकरी मुलांच्या स्पर्धेला जातं आणि टीम लांबच्या दौऱ्यावर. गणपतीच्या सुमारास टीम बहुधा पडायला लागते, हे माझं निरीक्षण.

ओकलंडकर (धागाकर्ता)

वा, लिहीत राहा. टोरांटोकर, मुलीला सांगा फेब्रुवारीत सराव सुरू होतो. मी येत्या मार्चमध्ये अ‍ॅरिझोनाला जायचं म्हणतोय. १५ टीम्स फीनिक्सच्या आसपास सराव सामने खेळतात, त्यात माझीही जुनी टीम आहे, बघू. तिकडचं कुणी असेल तर कृपया सांगा, दुपारी सावली कुठल्या बाजूच्या बाकांवर असते?