पगार अर्धा, हप्ता पूर्ण : सीमाभागातील घरखर्चाचे अनुभव

मंदीत काटकसर करावी, हे सांगायला कोणी लागत नाही. प्रत्यक्षात घर कसे चालवले, कोणता निर्णय उपयोगी पडला आणि कोणता अंगलट आला, हे मात्र आपण शेजाऱ्यालाही सांगत नाही. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील वाचकांना विनंती आहे की त्यांनी आपला अनुभव शक्य तितक्या आकड्यांसह लिहावा. चुकलेला हिशेब असल्यास तो आधी लिहावा.

फाउंड्री कामगार, मजगाव

2019 साली वाहन उद्योगात मंदी आली, तेव्हा उद्यमबागेतील आमच्या कारखान्यात आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी पाळी गेली आणि शेवटी आठवड्यातून चारच दिवस काम उरले. ओव्हरटाइम धरून महिना 19,000 रुपये मिळत असत, ते जेमतेम 10,000 वर आले. मोटारसायकलचा हप्ता 2,900 आणि घरदुरुस्तीच्या कर्जाचा 4,200, म्हणजे 7,100 रुपये महिना उजाडताच जात होते. घरात मी 9,000 रुपये देत असे. पगार घटल्याचे पत्नीला सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून दोन महिने मित्राकडून सहा-सहा हजार उसने घेऊन तेवढीच रक्कम तिच्या हातावर ठेवत राहिलो. सुटीच्या दिवशीही डबा घेऊन घराबाहेर पडायचो आणि दुपारपर्यंत अनगोळच्या तलावाकाठी बसायचो. आज ते हास्यास्पद वाटते, त्या वेळी वाटत नव्हते.

उसनवारी उघड झाल्यावर ती रागावली, पण पैशांवरून नव्हे. आधी समजले असते तर गणपतीला माहेरच्यांसाठी घेतलेले कपडे घेतले नसते, एवढेच ती म्हणाली. त्यानंतर आम्ही दोघांनी वहीच्या एका पानावर ठरलेली देणी लिहिली आणि समोरच्या पानावर रोजचे खर्च. केबल, बाहेरचा चहा-नाश्ता आणि तेलाचा एक डबा कमी करून महिन्याला सुमारे 1,100 रुपये वाचले. मोटारसायकल विकल्यावर हप्त्याचे 2,900 आणि पेट्रोलचे 900 असे 3,800 वाचले, म्हणजे एका निर्णयाने तिपटीहून अधिक. गाडीचे 34,000 आले, त्यातील 21,000 कर्जात गेले आणि उरलेल्यातून मित्राचे 12,000 फिटले. पत्नीने एका मेससाठी चपात्या करण्याचे काम धरले. मी वर्षभर सायकलने कामावर गेलो. आधी चहा-साखरेकडे पाहणे ही माझी चूक होती, आधी हप्त्यांकडे पाहायला हवे होते.

यंत्रमागधारक कुटुंबातील गृहिणी, वडगाव

आमचे चार माग आहेत. 2020 च्या टाळेबंदीत लग्नसराईच बुडाल्यामुळे विणून तयार असलेल्या साड्या घरातच पडून राहिल्या आणि व्यापारी सूत देईना. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने 31 ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. घरच्यांनी ती माफी समजून घेतली. व्याज चालूच होते आणि ते मुद्दलात मिळून कर्जाची मुदत लांबली, हे बँकेचे पत्र आल्यावर कळले. ज्यांच्याकडे थोडी शिल्लक होती त्यांनी निदान व्याज तरी भरत राहायला हवे होते. आमच्याकडे शिल्लक नव्हती, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट सोन्याची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोन्याच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची सवलत बँकांना काही महिन्यांसाठी मिळाली. आम्ही पाटल्या ठेवून मिळेल तेवढी रक्कम उचलली. गरज होती त्याच्या दुप्पट! हातात पैसा आला म्हणून मागांची दुरुस्तीही काढली आणि पाटल्या सोडवायला तीन वर्षे लागली. सोडवायचा महिना ठरलेला नसेल तर सोने गहाण ठेवू नये, त्यापेक्षा एखादा दागिना मोडावा, असे माझे मत झाले आहे.

शहापूरहून एक वाचक

वरील शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. आम्ही 2020 मध्ये दोन तोळे मोडले. पुढील पाच वर्षांत भाव दुपटीच्या पुढे गेला. मुलीच्या लग्नात तेवढेच सोने पुन्हा घेताना काय झाले, ते लिहीत नाही.

विडी कामगार महिला, निपाणी (मुलाने लिहून दिले)

आम्हाला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते आणि तंबाखू-पाने कमी आली की आठवडाच कोरडा जातो. कोपऱ्यावरच्या दुकानात खाते होते. उधारीत भाव विचारता येत नाही, हे उशिरा लक्षात आले. एकदाच जुने बिल फेडून खाते बंद केले आणि आठवडी बाजारात रोखीने, कमी का होईना, घेऊ लागलो. विजेच्या मीटरकडेही लक्ष ठेवतो, कारण गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत वापर 200 युनिटच्या पुढे गेला की संपूर्ण बिल भरावे लागते. बसचे म्हणाल तर कर्नाटकात सरकारी बसने बेळगावला जाताना महिलांना तिकीट लागत नाही, महाराष्ट्रात कोल्हापूरला जाताना लागते. त्यामुळे नणंदेकडे जाणे कमी झाले आहे!

शेतकरी, खानापूर तालुका

आमची भाजी गोव्याला जाते. 2020 मध्ये सीमा बंद झाली तेव्हा काकडी आणि मिरची बांधावरच राहिली. त्या वर्षापासून बेळगावातील दहा-बारा ओळखीच्या घरांना भात गिरणीवर काढून वर्षाचा तांदूळ थेट देतो. सुगीनंतर दर उतरलेला असतो, त्यामुळे त्यांचाही फायदा होतो. मात्र नवा तांदूळ लगेच शिजवल्यास चिकट होतो आणि फुगतही कमी, म्हणून तेवढ्याच भातात पोट भरत नाही. तो निदान चार-सहा महिने ठेवावा आणि आधीचा जुना संपवावा. पहिल्या वर्षी हे न सांगितल्यामुळे दोन घरांनी पोती परत केली होती.

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

मी एका पतसंस्थेत बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज मिळते म्हणून निवृत्तीची बरीच रक्कम ठेवली होती. मंदीत कर्जदार थकले आणि संस्थेने ठेवी देणे थांबवले. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थांना ते नाही. चाळीस वर्षे मुलांना टक्केवारी शिकवणारी मी, हे एकदाही विचारले नाही. आता रक्कम दोन बँकांत विभागून ठेवली आहे आणि सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बचत खात्यात मोकळी ठेवते.

फाउंड्री कामगार, मजगाव (पुन्हा)

बाईंनी मोकळ्या रकमेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. सहा महिन्यांचा खर्च आमच्यासारख्यांना साठत नाही. आम्ही एका महिन्याच्या दोन्ही हप्त्यांएवढे, म्हणजे 7,100 रुपये, वेगळे ठेवण्यापासून सुरुवात केली. गाडी गेल्यामुळे आता हप्ता 4,200 चाच आहे, तरी आकडा पत्नीने बदलू दिलेला नाही. पासबुक तिच्याकडे असते.