आठवीतल्या मुलीसाठी मराठी कथा-कादंबऱ्या सुचवा

शाईपेन: मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यम. इंग्रजी कादंबऱ्यांचा फडशा पाडते, मराठी पुस्तक मात्र चार पानांत मिटतं. 'बाळबोध' म्हणते. काय द्यावं?

पोटमाळा: 'बाळबोध' हे बरेचदा निमित्त असतं. इंग्रजीत डोळा ओळीवरून पळतो, मराठीत जोडाक्षराला अडखळतो. वेग पडला की गोष्टीची पकड सुटते आणि दोष पुस्तकाला जातो. म्हणून सुरुवातीची आठ-दहा पानं तुम्ही मोठ्याने वाचा. पात्रांची नावं आणि बोलण्याची ढब कानात बसली की पुढचं तिचं तिला वाचू द्या. कादंबरीआधी कथा द्या, एका बैठकीत संपणारी.

खारीचा_वाटा: प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. लंपन आई-वडिलांपासून दूर, बेळगावकडे आजी-आजोबांकडे राहतो. तो तिच्याहून लहान आहे, पण त्याची आतल्या आत चाललेली बडबड या वयाला अचूक भिडते. कथा सुट्या आहेत, तरी क्रमानेच वाचा. कानडी वळणाचे शब्द पहिल्या कथेत अडतील. अर्थ सांगत बसू नका, संदर्भाने कळतात. त्याचं ते 'मॅड' तर लगेच तोंडी बसतं!

शाईपेन: आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' कादंबरी? नववीतली मुलं आहेत म्हणून विचारते.

पोटमाळा: चालेल, पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. काळ आणीबाणीचा आहे. तेवढं दोन वाक्यांत आधी सांगा. दुसरं, सगळं मुकुंदच्या नजरेतून दिसतं. त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही, आणि मुलींना नेमकं तेच खटकू शकतं. खटकलं तर उत्तमच, त्यावर बोलता येईल. पोरांची भाषा मोकळी आहे, तेव्हा आधी स्वतः वाचून घ्या.

कोपऱ्यातला_दिवा: 'फास्टर फेणे' आता नको, ते पाचवी-सहावीला. या वयात रहस्य चालतं, पण 'आपल्याला लहान समजतायत' हा वास चालत नाही.

खारीचा_वाटा: आणि वाचून झाल्यावर 'काय शिकलीस?' अजिबात विचारू नका. त्या प्रश्नाने गोष्टीचा धडा होतो. फार तर 'कोण आवडलं नाही?' एवढंच. नावडत्या पात्राबद्दल मुलं जास्त बोलतात.

शाईपेन: अर्ध्यात सोडलं तर?

खारीचा_वाटा: सोडू द्या. पुस्तक कपाटात परत नको, तिच्या हाताशीच राहू द्या.